असिस्टंट, पण कोणाचा?

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला दूरशिक्षणाचं नवल सांगू नये. आम्हाला सगळंच दुरून शिकावं लागतं. डॉक्टर-नर्सांच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, आणि घरबसल्या शिकवणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही नाशिकलाच. म्हणजे रोज वर्गात बसा, नाहीतर जन्मात एकदाही बसू नका, शिक्का नाशिकचाच. त्यासाठी दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, भल्या पहाटे नाशिक रोडला डोळे चोळत उतरायचं आणि मूळ टीसी घरी फ्रिजवर राहिली हे फलाटावर आठवायचं. कोणाला कोल्हापूरला जायचं असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. राज्याची हद्द न ओलांडता एवढी लांब पळणारी दुसरी गाडी नाही. तेराशे किलोमीटरच्या वर जाते. गोंदियाला बसून कोल्हापूरला उतरेपर्यंत एखादा लहानसा डिप्लोमा सहज आटोपावा. मुंबईपेक्षा आम्हाला रायपूर जवळ. आपल्या राजधानीपेक्षा शेजाऱ्याची राजधानी जवळ असली की माणसाला अंतराचं काही वाटेनासं होतं.

त्यामुळे आमगाव तालुक्यातल्या माझ्या भाच्यानं ऐन रोवण्याच्या दिवसांत जाहीर केलं, "मामाजी, मी डिस्टन्सनं फिजिशियन असिस्टंट करून राह्यलो," तेव्हा डिस्टन्सवर कोणी हरकत घेतली नाही. गाडं अडलं ते पुढच्या दोन शब्दांवर.

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे जावई, नुकतेच बांधीतून येऊन पायाचा चिखल धूत होते. "फिजिशियन म्हंजे?"

"डाक्टर."

"अन् असिस्टंट?"

"डाक्टरच्या संगं काम करनारा."

भाच्याची आजी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "मंग सिधा कंपॉण्डर म्हन न जी."

भाच्याचं तोंड एवढंसं झालं. "नाई आजी, कंपॉण्डर येगळा. याले पीए म्हंतेत."

आता मात्र जावयांची मान वर आली. पीए म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. साहेब भेटत नाहीत तेव्हा जो भेटतो, आणि साहेब भेटले तरी काम शेवटी ज्याच्याकडून होतं, तो पीए. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की पोट्टा पीए लागला. कोणाचा, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. रात्री दोघेजण घरकुलाच्या यादीत नाव घालायला सांगून गेले आणि एका मास्तरांनी बदलीचा अर्ज दोन प्रतींत आणून दिला.

फी भरायला भाच्यासोबत मी गोंदियाला गेलो होतो. खाली मोबाइलच्या काचा बदलणाऱ्याचं दुकान, वर सेंटर. बोर्डावर फायर सेफ्टी, योगशिक्षक, ब्युटी पार्लर, नर्सरी टीचर, एक्स-रे टेक्निशियन अशी उतरंड लागलेली आणि सगळ्यांत खाली, रंग अजून ओला वाटावा इतकं ताजं, फिजिशियन असिस्टंट. शेजारी लाल अक्षरांत 'डिग्री'. सेंटरवाले सर फार मऊ बोलले. क्लास मोबाइलवर, पुस्तक पीडीएफमध्ये, परीक्षेला आमचाच माणूस घेऊन जाईल आणि आमचाच माणूस आणून सोडेल, हप्ते धानाचे चुकारे आल्यावर दिले तरी हरकत नाही. धानाचे चुकारे कधी येतात हे ठाऊक असून जो थांबायला तयार आहे, त्या माणसाची सोशिकता मोठीच म्हणायची. मी विचारलं, "आणि प्रॅक्टिकल?" सरांनी पंखा एक घर वाढवला. "ते अ‍ॅडजस्ट होते जी."

माझ्या डोक्यात मात्र आजीचा कंपॉण्डर बसून राहिला, कारण ती ज्याच्याबद्दल बोलत होती तो कंपाउंडर मी लहानपणी पाहिलेला आहे. तालुक्याच्या गावी डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर पडद्याच्या आत आणि कंपाउंडर लाकडी खिडकीत. खिडकीतून फक्त हात आणि चष्मा दिसायचा. घरून आणलेल्या बाटलीत तो लाल मिक्श्चर भरायचा, कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं दोन काप घालायचा, आणि ती नक्षी डकवली की बाटलीवर डोसाच्या खुणा उमटायच्या. पुड्या तो इतक्या झपाट्यानं बांधायचा की पत्ते पिसल्यागत वाटे. डॉक्टरांचं अक्षर जगात एकट्या त्यालाच लागत असे, खुद्द डॉक्टरही कधीमधी चिठ्ठी घेऊन खिडकीशी येत आणि "हे मी काय लिहिलंय?" असं विचारत. रॉकेलच्या स्टोव्हवर सिरिंज उकळणं त्याचं, गळू फोडताना रोग्याचे पाय धरणं त्याचं, आणि पैसे नसलेल्याला "पुढच्या बाजाराले आनजो" म्हणणंही त्याचंच.

पण त्याची खरी हुशारी ओसरीत दिसे. बंडीतून रोगी उतरताना तो खिडकीतून मान काढून बघायचा. कोणी कण्हत-विव्हळत आला तर "बसा" म्हणायचा. कोणी मुकाट्यानं, ओठ पांढरे पडलेला, भिंत धरून आला की रांग मोडून त्याला आत घ्यायचा. हे त्याला कोणत्या पुस्तकात सापडलं असेल? डॉक्टरांपासून तीन हातांवर वर्षानुवर्षं उभं राहून सापडलं. त्याच्या शिक्षणातलं अंतर मोजायचं तर टेप नको होती, तीन हात सुतळी पुरली असती. पुढे 1948 च्या फार्मसी कायद्याचा अंमल गावोगाव पोचत गेला, औषध देणं नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाकडे गेलं, मिक्श्चरच्या जागी छापील पाकिटं आली आणि खिडकीतला चष्मा दिसेनासा झाला. कायद्यानं केलं ते बरोबरच केलं. पण रांग मोडून आत घेणारा माणूस कोणाच्या खात्यात टाकावा, हे कायद्याला सुचलं नसावं.

आजीचं म्हणणं भाच्याला कितीही झोंबलं तरी इतिहास आजीच्या बाजूचा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्लंड नावाच्या लहानशा गावात डॉ. अ‍ॅमॉस जॉन्सन यांची प्रॅक्टिस होती आणि त्यांच्याजवळ हेन्री ली ट्रेडवेल नावाचा मदतनीस होता. गाव त्याला बडी म्हणे. डॉक्टरांनी त्याला हाताखाली घेऊन शिकवलं होतं, आणि डॉक्टर परिषदांना बाहेरगावी गेले की बडी दवाखाना सांभाळायचा. हे ड्यूक विद्यापीठातल्या डॉ. यूजीन स्टेड यांच्या डोळ्यांसमोर होतं. 1965 साली त्यांनी फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग काढला. त्यात विद्यार्थी घेतले चार, आणि चारही नौदलात जखमांवर पट्ट्या बांधून हात तयार झालेले. दोन वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1967 ला, त्यांतले तीन उत्तीर्ण झाले. चौथा गळाला. सेंटरवाल्या सरांना हे सांगितलं तर त्यांना धक्काच बसेल. त्यांच्याकडे निकाल शंभर टक्के लागतो.

भारतात हा अभ्यास 1992 मध्ये चेन्नईला मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन दिवसभर ऑपरेशन थिएटरात अडकलेला. वॉर्डात रोग्याचा इतिहास लिहिणं, तपासण्यांचा पाठपुरावा करणं, शस्त्रक्रियेत हाताला हात देणं आणि नातेवाइकांना दहाव्यांदा तेच समजावणं यासाठी शिकलेला माणूस हवा होता. आज दक्षिणेतल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असे पीए दिसतात. चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. काम चांगलं, गरजेचं, मानाचं. भाच्याची निवड चुकलेली नव्हतीच. वाकडं होतं ते एवढंच, की ज्याचं अख्खं शास्त्र डॉक्टरच्या शेजारी उभं राहण्यात आहे, ते तो पडवीतल्या खाटेवर पडून शिकत होता.

शिकत मात्र मन लावून होता. रेंज फक्त विहिरीच्या काठाला येई, म्हणून शरीरशास्त्र तिथे. हृदयाचे चार कप्पे त्यानं मोटरपंपाच्या आवाजात पाठ केले. एका व्हिडिओत इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करायला सांगितला होता. आता संत्रं हे नागपूर-अमरावतीचं वैभव. आमच्याकडे पिकतो धान, आणि धानाच्या दाण्यात सुई टोचून दाखवणारा अजून जन्मायचा आहे. शेवटी वांग्यावर भागवलं. त्या दिवशी भाजीत पाणी फार सुटलं, अशी बहिणीची तक्रार होती.

मग ऑनलाइन मागवलेलं बीपीचं मशीन आलं आणि गावाच्या आरोग्याला ओहोटी लागली. तोवर सगळे धडधाकट होते. शेजारचे म्हातारबा दंड पुढे करून म्हणाले, "पाय बरं, मले बीपी आहे का?" भाच्यानं मशीन लावलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आहे जी, एकशे वीस-ऐंशी." म्हातारबा हादरले. एक नाही, दोन-दोन आकडे! त्या रात्री त्यांनी भाजीला मीठ घेतलं नाही आणि पोराला बोलावून शेताची वाटणी सांगितली. आजीचं बीपी तर दिवसातून इतक्यांदा घेतलं गेलं की पुढेपुढे तिनं दर ठरवला. एका वेळेला एक कप चहा, साखर बरोबर घातलेला.

स्टेथोस्कोप आला त्याची वेगळीच कथा. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक असतंच. नाटकात डॉक्टर असतोच, कारण तिसऱ्या अंकात कोणीतरी मरणपंथाला लागलेलं असतं. कंपनीवाल्यांना कळलं की गावात नवाकोरा स्टेथोस्कोप आणि इस्त्रीचा पांढरा कोट आहे. रात्रभर तो कोट स्टेजवर आणि भाचा पडद्यामागे. नटानं नायिकेच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली. मांडवातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. भाचा मला हळूच म्हणाला, "मामाजी, यानं आतापावतर दीडशे प्रयोग केले म्हंते. माझ्यापेक्षा त्याचंच क्लिनिकल जास्त झालं." एवढं शहाणपण त्या पीडीएफमध्ये शोधून सापडलं नसतं.

तरी लोक यायचे. आमच्याकडे माणूस फॉर्म भरतो त्याच दिवशी डॉक्टर होतो, निकालाची वाट सरकार बघतं. "डाक्टर, हातपाय चमकतेत." "डाक्टर, एक सुई मारून द्या न." "बाटली चढवली का बरं वाटते." भाचा सुई मारत नसे हे त्याचं भाग्य आणि गावाचंही. तो फोन काढून प्रश्नसंच उघडायचा. त्याच्या पीडीएफमधला रोगी पंचेचाळीस वर्षांचा अकाउंटंट होता, जिममधून येताना त्याच्या छातीत दुखत असे, आणि त्याच्याखाली अ, ब, क, ड असे चार पर्याय असत. आमच्या भागातला रोगी म्हणजे रोवण्याला वाकलेली बाई, पायाच्या घोट्याजवळ दोन टिपके, आणि "कायतरी चावलं जी" एवढाच इतिहास. मण्यार असेल तर दुखतसुद्धा नाही. साप पर्याय देत नाही. त्या बाईला तिथून हलवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात वेळेत पोचवणं, वाटेत मांत्रिकाच्या ओसरीवर गाडी थांबू न देणं, पाय चिरणाऱ्या हौशी हातांना आवरणं, हा खरा पेपर. तो सोडवला गावातल्या आशाताईंनी. त्यांच्याजवळ ना कोट ना स्टेथोस्कोप. पण रुग्णवाहिकेचा नंबर, ड्रायव्हरचा स्वभाव आणि मांत्रिकाच्या बायकोशी असलेलं नातं, तिन्ही तोंडपाठ.

सिकलसेलचंही तेच. पूर्व विदर्भात हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. केंद्र सरकारचं त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं ते 2023 मध्ये. देवरी-सालेकसा भागातलं एखादं लेकरू मध्यरात्री सांधे आवळून रडायला लागलं की ते वात आहे, ताप आहे, नाटक आहे की सिकलसेलचा झटका, हे ओळखायला ती मुलं पाहिलेली असावी लागतात. नुसता रक्तपेशीचा कोयत्यासारखा आकार पडद्यावर पाहून भागत नाही. भाच्यानं तो आकार वहीत फार सुबक काढला होता, रंगीत पेननं.

एकदा तो पीडीएफ घेऊन माझ्याकडे आला. त्यात पानोपानी एक वाक्य होतं, की कोणताही निर्णय घेण्याआधी आपल्या पर्यवेक्षक डॉक्टरना कळवा. "मामाजी, हे डाक्टर कोन?"

प्रश्न बिनतोड होता. सेंटरवाल्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्ही आधी पास व्हा न जी." आमच्या भागात सरकारी डॉक्टरची खुर्ची मंजूर असते, भरलेलीही असते आणि तरी रिकामी दिसते, कारण त्याच एका डॉक्टरकडे शेजारचं केंद्र, शवविच्छेदन, कोर्टातली साक्ष, शिबिर आणि साहेबांची ऑनलाइन मीटिंग. खाजगी डॉक्टर शहरात. म्हणजे शिकवणारा दूर, शिकणारा दूर, आणि ज्याला मदत करायची तोही दूर. तिघांमध्ये मिळून जवळ होता तो एक मोबाइल, आणि त्याची बॅटरी दुपारी उतरायची. असिस्टंट तर तयार होत होता, पण कोणाचा?

इथे कोणी म्हणेल, पुढारलेल्या देशांत होतं ना हे ऑनलाइन! होतं. अमेरिकेत येल विद्यापीठानं पीएचा ऑनलाइन वर्ग 2018 मध्ये सुरू केला. त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेनं आधी नकार दिला होता, आणि सुरू झाला तेव्हाही व्याख्यानं तेवढी पडद्यावर. विद्यार्थ्याला विद्यापीठात हजर व्हावं लागतं आणि महिनोन्‌महिने रुग्णालयात घासावं लागतं. लांब कशाला, आपल्या इग्नूनं नर्सताईंना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र दिलं, तेव्हाही आधीच नर्स झालेल्या बायांना पुन्हा रुग्णालयात धाडून प्रात्यक्षिक करून घेतलं. दूरशिक्षण ज्यांनी इमानानं केलं, त्यांनी आधी अंतर मिटवायची सोय केली. इंग्लंडात तर तिढा आणखी पुढचा. तिथल्या पीएंना 'फिजिशियन असोसिएट' म्हणत. रोग्यांना वाटे हे डॉक्टरच. भांडण वाढलं, चौकशी बसली, आणि जुलै 2025 मध्ये लेंग अहवालानं सुचवलं की यांना असिस्टंटच म्हणा आणि निदान न झालेला रोगी सहसा यांच्याकडे पहिल्यांदा पाठवू नका. एवढ्यासाठी साहेबाच्या देशात अहवाल लिहावा लागला. आजीनं तांदूळ पाखडता पाखडता निकाल दिला होता.

आणि जवळ जाऊन शिकवलं की काय होतं, तेही आम्हाला लांब बघायला जावं लागत नाही. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या सीमेला लागून गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि औषध देणं हे त्यांना घराघरांत जाऊन, हातात हात धरून शिकवलं. 39 गावांतला तो प्रयोग 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. त्याच्याही आधी, 1970 पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका करून दाखवलं होतं. यांतल्या कोणाच्याही बोर्डावर लाल अक्षरांत डिग्री लिहिलेली नव्हती. शिकवणारे उन्हातून त्यांच्या ओसरीपर्यंत चालत आले होते, एवढंच. सेंटरवाले सर गोंदियातून आमगावला एकदाही आले नाहीत. आगगाडीनं अर्धा तास लागत नाही.

भाच्याचा खेळ अखेरीस कायद्यानं मोडला. 2021 मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिशियन असोसिएट किंवा असिस्टंट हा व्यवसाय त्यात नावानिशी आहे. पदवीच्या आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तिथे कमीत कमी 3600 तासांचं शिक्षण, तीन ते सहा वर्षांत, असं मोजमाप दिलं आहे. भाच्यानं हिशेब मांडला. विहिरीच्या काठावर रोज दोन तास धरले तरी अठराशे रात्री, म्हणजे पाच वर्षांना थोडंच कमी. त्यात वीज गेलेल्या रात्री, पावसाच्या रात्री आणि क्रिकेटच्या रात्री धरलेल्या नाहीत. त्याच्या अ‍ॅपवर तोवर साडेसतरा तास झाले होते, जाहिरातींसकट.

त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं शेवटची मेख मारली. या कायद्याखाली येणारे आरोग्याचे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायचे नाहीत, असा निर्णय झाला. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्रही त्यात गेलं. बातमी मोबाइलवर आली त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज आणखी मऊ. "घाबरायचं नाही. आपण तुमचं अ‍ॅडमिशन मागच्या तारखेचं दाखवू. सेंटर दुसऱ्या राज्यातलं दाखवू. फक्त शेवटचा हप्ता आजच टाका." जावयांनी फोन हातात घेतला आणि अस्सल बोलीत जे सांगितलं ते छापण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गोंदियाला गेले. वरचं सेंटर बंद होतं. बोर्डावरून पीए पुसून त्या जागी 'ड्रोन पायलट' आलं होतं. खाली काचा बदलणारा म्हणाला, "सर रायपूरले गेले." आम्हाला जवळ पडतं म्हटलं ना, त्यांनाही पडलं.

पैशाचं जे व्हायचं ते झालं. हंगामाचा अर्धा धान गेला. जावई म्हणाले, करपा पडला असं समजू. पोट्ट्याला मी गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे घेऊन गेलो, नुसतं दाखवायला. 2016 साली सुरू झालं हे कॉलेज. कुंवर तिलकसिंह रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याला जोडलेली. आवारात एक नर्सताई स्ट्रेचरच्या मागे धावता धावता एका हातानं सलाइनची बाटली वर धरून, दुसऱ्या हातानं नातेवाइकांना बाजूला सारत, तोंडानं वॉर्डबॉयला रस्ता सांगत होती. भाचा बघतच राहिला. "मामाजी, हे कोनत्या चॅप्टरमधे आहे?"

तो आता जीएनएम नर्सिंगला बसतो आहे, रोज जाऊन-येऊन, हजेरी लावून. पहिल्या महिन्यात त्याला खाटा घालायला लावल्या, चादरीचे कोपरे दुमडायला लावले, आणि एका आजोबांची बेडपॅन धुवायला लावली. घरी येऊन तो चुपचाप जेवला. आजीनं विचारलं, "आज डाक्टर भेटले का रे?" म्हणाला, "भेटले. रागावले." आजी खूश झाली. तिच्या मते शिक्षण सुरू झालं.

आता दहावी-बारावीच्या पोरापोरींच्या आईबापांना एक विनंती. आरोग्याच्या कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी सेंटरवाल्याला डिग्रीचं नाव विचारू नका, ते फार सुंदर असतं. विचारा, की पोरगं रोग्याला हात कोणत्या रुग्णालयात लावणार, किती तास, आणि त्या तासांवर सही कोणता डॉक्टर करणार. हे तिन्ही कागदावर लिहून मागा. मग त्या रुग्णालयात स्वतः जाऊन या. चुकारे येईपर्यंत तेवढा वेळ तुमच्याजवळ असतोच.